पंचमीचा साकव

आमच्या तालुक्यातले त्या काळातले फोटो एके ठिकाणी मांडले, तर सगळ्या पुरुषांनी मिळून एकच कोट शिवून घेतला होता असं वाटेल. ते फारसं खोटंही नाही. पौडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या भिंतीवर खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. अब्बा शिंपीकाम करायचे. कुणा गिऱ्हाइकानं तो कोट शिवायला टाकला आणि न्यायला तो आलाच नाही. मी स्टुडिओ टाकला तेव्हा अब्बांनी तो मला देऊन टाकला. अंगापिंडानं भरलेल्या माणसाला त्याची बटणं लागत नसत आणि किरकोळ माणसाला मी पाठीमागून टाचण्या लावत असे. पुढून माणूस मामलेदार दिसला म्हणजे झालं. मागून कोण बघतंय?

कोटाच्या जोडीला एक पडदा होता. त्यावर निळं तळं, तळ्यात दोन हंस आणि काठावर कसलीतरी लाल फुलं रंगवलेली. धरणाच्या काठची माणसं एसटीत धक्के खात पौडला यायची आणि या तळ्यापुढे फोटो काढून घ्यायची. एकाला मी म्हटलं, "अहो, तुमच्या दारात एवढं पाणी आहे, मी येतो तिकडं, खऱ्या पाण्यापुढं काढू." तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या पान्यात हंस कुटं हायेत?" मी मुकाट्यानं पडदा सरळ केला. 

मी मूळचा तापट. लोकांनी डोळे मिटले की मी खेकसायचो, हलले की खेकसायचो, आणि पुतळ्यासारखे ताठ उभे राहिले तरी खेकसायचोच. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस जसा आहे तसा फोटोत यावा. शेतात राबणारा शेतात दिसावा, चुलीपुढची बाई चुलीपुढं दिसावी. पण आमच्याकडे हे कुणालाच पटायचं नाही. फोटो म्हणजे सण. सणाला माणूस जसा अंघोळ करून, ठेवणीतलं नेसून बाहेर पडतो, तसाच तो फोटोला उभा राहणार. रोजच्या कपड्यात कुणी फोटो काढला तर तो अपमान समजायचे. हळूहळू मीही खेकसणं कमी केलं. बंद काही झालं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगाव सरकारी कामं निघाली. रस्ते, विहिरी, बंधारे, शाळेच्या खोल्या. या कामांचे फोटो फाइलला लावायचे असत आणि ते काम माझ्याकडे आलं. मग माझी सायकल, एसटी आणि मिळेल त्या ट्रकमधून तालुकाभर फिरती सुरू झाली. नांद्याच्या रस्त्यावर खडी पडत होती तेव्हा मी तिथं होतो. माण गावात विहिरीला पाणी लागलं, त्या दिवशी तिथं एका शेतकऱ्यानं फोटोसाठी आपली बैलजोडी विहिरीच्या अगदी काठावर आणून उभी केली आणि विहीर त्या बैलांमागे पार झाकून गेली. तो म्हणाला, विहीर काय, कुठं पळून जात नाही, बैलं आज धुतलेली आहेत. लवळ्याला शाळेची नवी खोली झाली, तेव्हा गावातले सगळे म्हातारे पहिल्या बाकावर पाटी घेऊन बसले, कारण त्यांना शाळेतला फोटो हवा होता.

तालुक्याच्या कचेरीत बांधकामाचे एक साहेब होते. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. त्यांचा पहिला नियम असा की प्रत्येक फोटोत माणूस हवा. नुसता बंधारा, नुसती विहीर चालणार नाही. "माणूस दिसल्याशिवाय काम कुणासाठी केलं ते कसं कळणार?" असं ते म्हणत. मला तो नियम आवडायचा. दुसरं म्हणजे ते कोरड्या मुलखातून बदलून आले होते. त्यांच्या गावच्या ओढ्यात म्हणे वर्षातले दहा महिने पोरं विटीदांडू खेळायची. त्यामुळे ओढा माणसाला अडवतो म्हणजे नक्की काय करतो, हे त्यांना सांगून पटत नसे.

एका पावसाळ्याच्या तोंडाला ताम्हिणीच्या अंगाच्या एका वाडीचे कारभारी माझ्या दुकानात आले. अंगावर घोंगडी, पायांना चिखल. वाडी डोंगराच्या कुशीत, आणि वाडी आणि रस्ता यांच्या मध्ये ओढा. पावसाळ्यात चार महिने वाडी पलीकडे अडकून पडायची.

"वढ्यावर साकव मागितलाय आमी," ते म्हणाले. "सायब म्हंत्यात, औंदा येकच साकव मंजूर करता येतुया, आन मागनारं दुसरं गावबी हाय. वढा खरंच मान्सं आडवतुया त्ये फोटूत दिसाया पायजे. बिगीनं फोटू न्हाई दिला तर साकव त्या गावाला."

"त्यात काय अवघड आहे? काढू की," मी म्हणालो.

"आवघड काय न्हाई," कारभारी म्हणाले, "पर हुयाला पायजे. आमच्या लेकी पंचमीला म्हायेरी येत न्हाईत बगा. आन पोरांना कुनी पोरी देत न्हाई. म्हंत्यात, वढ्याच्या पल्याड कोन दील?"

आमच्या घरी नागपंचमी नसते, पण शेजारघरच्या लेकी पंचमीला आल्या की आमची गल्लीसुद्धा भरल्यासारखी वाटायची. माझी आई त्या पोरींना ओट्यावर बसवून बांगड्या बघायची. पंचमीला लेक न येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी दिवस ठरवून दिला. जाता जाता कारभाऱ्यांनी खिळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्यो कोट जरा न्यू का?"

मी दिला. तिथंच मला शंका यायला हवी होती.

ठरल्या दिवशी मी एसटीतून उतरलो आणि चिखल तुडवत ओढ्यापाशी पोचलो. पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती. बघतो तर काय, ओढ्यावर साकव! चांगले दोन जाडजूड ओंडके, त्यांवर फांद्या अंथरून माती चोपलेली, दोन्ही टोकांना आंब्याच्या पानांचं तोरण. पलीकडे सगळी वाडी ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभी. बायांची नवी लुगडी, पोरांच्या केसांना चोपून तेल, आणि मधोमध माझ्या कोटात कारभारी.

"हे काय केलंत?" मी ओरडलो.

"पावनं येनार," कारभारी हसून म्हणाले, "तुमचं पाय भिजाया नगं. म्हून सगळ्यांनी मिळून घातला. या, बिगीबिगी या."

मी डोक्याला हात लावला. ज्या अडचणीचा फोटो काढायला मी आलो होतो, ती अडचण या माणसांनी माझे पाय कोरडे राहावेत म्हणून झाकून टाकली होती. मी त्यांना समजावलं, रागावलो, ओंडके काढा म्हणालो. कारभाऱ्यांना ते पटलं नाही. पाहुणा अलीकडे आणि आपण पलीकडे, अशा फोटोनं वाडीची काय अब्रू राहणार? शिवाय मला पलीकडे नेऊन त्यांनी भाकरी, नाचणीच्या पिठाची तळलेली बोरं आणि वाफाळता चहा पुढं केला आणि माझा राग तिथंच विरघळला. फोटो काढला. त्यात एक धट्टाकट्टा साकव, तोरण आणि लग्नाच्या वऱ्हाडासारखी वाडी होती. तिसऱ्या दिवशी पुराच्या लोंढ्यात ते ओंडके वाहून गेले, असं मला मागाहून कळलं.

साहेबांनी फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साकव आहे की."

"साहेब, तो माझ्यासाठी घातला होता. आता नाहीये."

"फोटोत तर आहे. आणि ही मंडळी तुमच्या-माझ्यापेक्षा सुखी दिसतायत." मग ते फोटोवर वाकले. "हा कोट मात्र मी कुठंतरी पाहिलाय."

कुठं ते मी सांगायची गरज पडली नाही. साहेबांच्या खिशातल्या ओळखपत्रावर तोच कोट होता. दोन वर्षांपूर्वी मीच काढलेला फोटो, मागून टाचण्या लावून. साहेब मोठ्यांदा हसले, पण फोटो त्यांनी परत केला. "दुसरा आणा. लवकर आणा."

मी ठरवलं, आता न सांगता जायचं. भर पावसात, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी ओढ्यावर जाऊन थडकलो. आता मात्र ओढा खरा ओढा होता. तांबडं पाणी दगडांवरून उड्या घेत चाललेलं, त्याच्या आवाजात स्वतःचा श्वास ऐकू येईना. पलीकडच्या उतारावर माणसं काम करत होती, डोक्यावर पानांची इरली, अंगावर भिजलेली फडकी. मला हवा होता तो हाच फोटो. मी छत्री मानेत धरून कॅमेरा काढला आणि तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. एका क्षणात उतार रिकामा झाला. सगळे कपडे बदलायला घराकडे पळाले!

एक म्हातारी तेवढी राहिली. ती गवताचा भारा टाकून झाडामागे जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाहेर या!" मी गळा ताणून ओरडलो.

तिनं तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला. "फाटक्या लुगड्यावर मी फोटूत यायची न्हाई! पंचमीला ये! तवा माजी लेक येती तुज्या बाजूला! नवं लुगडं आसतंय!"

"लेक येते? मग पलीकडे कशी जाते?"

"जातीय कुटली! तितंच बसती आन तितनंच जाती!"

त्यातला अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही, कारण मी वैतागलो होतो. चिडून नुसत्या पाण्याचा फोटो काढला आणि साहेबांपुढं नेऊन ठेवला. ते म्हणाले, "पाणी चांगलं आलंय. पण माणूस कुठंय? हे पाणी कुठलंही असू शकेल." नियम तो नियम. पंचमी होईपर्यंत ते थांबतील, पण त्यापुढं नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या गावाची फाइल त्यांच्या टेबलावर तयारच होती.

पंचमीच्या सकाळी मी गेलो तेव्हा अलीकडच्या काठावर माझ्या आधी तीन-चार बाया येऊन बसल्या होत्या. वाडीच्या लेकी. हातात नव्या बांगड्या, मेंदी, कुणाच्या कडेवर मूल. पलीकडच्या काठावर त्यांच्या आया, भाऊ, भावजया. मध्ये ओढा. आणि दोन्ही काठांवरून गप्पा चालू! प्रत्येकीची गप्पा मारायची पाळी ठरलेली, कारण सगळ्या एकदम ओरडल्या तर कुणाचंच कुणाला कळलं नसतं. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या नवऱ्याची खोड काय, सगळ्या खासगी गोष्टी साऱ्या डोंगराला ऐकू जातील अशा आवाजात. सासूबद्दल बोलायचं असलं की मात्र नुसते हातवारे. त्यावर दोन्ही काठ हसायचे. मी हसून हसून बेजार झालो, आणि मग पाण्याकडं पाहिलं. वर्षाचा सण, आणि आई तिथं दिसतेय, पण हात लावता येत नाही. 

त्या म्हातारीच्या लेकीची पाळी आली. चांगली हाडापेरानं मजबूत, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"काय धाडू तुला?" म्हातारीनं पलीकडून विचारलं.

"काय नगं गं आये!" लेक ओरडली. "मला निजाया पायजे! दोन रोज नुसतं निजाया पायजे! सासरी डोळ्याला डोळा लागू देत न्हाईत!"

सगळे खो-खो हसले. लेकही हसली. म्हातारी हसली नाही. ती वळली आणि एक गाठोडं उचललं. पंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, म्हणून पुरण भरून उकडलेली दिंडं करतात. ती दिंडं फडक्यात बांधलेली, आणि फेकताना वजन यावं म्हणून आत नारळ. एक गाठोडं तिच्या मुलानं फेकलं. ते ओढ्याच्या मधोमध पडलं आणि दिसेनासं झालं. म्हातारीनं मुलाला कोपरानं बाजूला सारलं, त्याचा उद्धार केला, पदर खोचला आणि दुसरं गाठोडं स्वतः हातात घेतलं.

मी तोवर जरा खालच्या अंगाला एका खडकावर चढलो होतो. तिथून दोन्ही काठ एकदम दिसत होते. नेमकं तेव्हाच श्रावणातलं ऊन पडलं. म्हातारीनं हात मागे नेला, झोका घेतला आणि गाठोडं सोडलं. मी बटण दाबलं.

फोटो धुऊन वर आला तेव्हा अंधाऱ्या खोलीत मी एकटाच ओरडलो. डावीकडे म्हातारीचा हात अजून हवेत, उजवीकडे लेकीचे दोन्ही हात पसरलेले, खाली फेसाळलेलं पाणी आणि पाण्यावर अधांतरी गाठोडं. पण मग माझ्या लक्षात आलं की फोटोतले सगळे नटलेले होते, आणि सगळे हसत होते. साहेब पुन्हा तेच म्हणणार, ही मंडळी सुखी दिसतायत. पण आता दुसरा फोटो काढायला दिवस कुठले? धाकधूक घेऊनच मी कचेरीत गेलो.

साहेबांनी फोटो उजेडाकडं धरला.

"ही कोण?"

"आई. ही लेक. पंचमीला माहेरी आलेली."

"माहेरी कुठं आलीय? ही तर अलीकडं आहे."

"इथवरच येता येतं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, तसाच हातात धरला. "गाठोड्यात काय आहे?"

"दिंडं."

"पोचलं का?"

"पोचलं. पहिलं गेलं वाहून, हे पोचलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या गावाची फाइल उचलून त्यांनी कपाटात ठेवली.

मंजुरी मिळाल्यावर हिवाळ्यात काम सुरू झालं. कामाचे फोटो काढायला मी गेलो की वाडीची माणसं हटकून नवी कापडं घालून हजर. म्हातारीनं तर डोक्यावर सिमेंटची पाटी घेऊन फोटो काढून घेतला, तोही पंचमीच्या लुगड्यावर. लुगड्याला सिमेंट लागलं म्हणून सून ओरडत होती, ती म्हणाली, "लागू दे. माज्या लेकीच्या वाटंचं हाय." मी त्या वेळी कुणावर खेकसलो नाही.

पावसाळ्याआधी साकव पुरा झाला. पण पुरं झालेल्या कामाचा फोटो साहेबांनी मुद्दाम पंचमीपर्यंत थांबवून ठेवला. "आई आणि लेक साकवावर मधोमध उभ्या करा," त्यांनी मला बजावलं. "तोच फोटो फाइलला शेवटी लावू."

पंचमीला मी गेलो. ओढ्याला तेच तांबडं पाणी, तोच आवाज, आणि वर काँक्रीटचा साकव, अजून नवाकोरा. अलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. पलीकडेही नाही. ज्या दगडांवर लेकी बसायच्या ते दगड रिकामे, पावसात धुऊन निघालेले. वरच्या अंगाला वाडीतून झोपाळ्यावरच्या पोरींचा दंगा ऐकू येत होता. मी साकवावरून पलीकडे गेलो. पाय कोरडे. सरळ म्हातारीच्या घराशी गेलो.

म्हातारी दारातच बसली होती, उंबऱ्याला आडवा हात लावून, नवं लुगडं नेसून. मला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"मावशी, चला, तुमच्या लेकीला बोलवा. साहेबांनी फोटो मागितलाय."

"हळू बोल," ती म्हणाली. तिला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "निजलीया ती. काल आली तवापून निजलीया. उटवायची न्हाई."

"एवढा फोटो होऊ द्या, मग झोपू दे."

"सायबाला सांग, फोटू फुडच्या पंचमीला. आज निजलीया."

मी आत डोकावलो नाही. तिनं मला दिंडं दिली, गूळ दिला. मी दारातच बसून खाल्ली, आणि आम्ही दोघं आवाज न करता बसून राहिलो. मग मी परत ओढ्यावर आलो आणि रिकाम्या साकवाचा फोटो काढला. 

साहेबांनी तो हातात घेतला आणि अपेक्षेप्रमाणे वर पाहिलं.

"माणूस कुठंय?"

"झोपलीय, साहेब," मी म्हणालो. "माहेरी. आई उठवू देईना."

साहेबांनी टाचणी काढली आणि तो फोटो गाठोड्याच्या फोटोला जोडून फाइलला लावला.